अंगठ्याआडचं खळं

"चंद्राला खळं पडलंय बघ," बाबा म्हणाले.

गच्चीवर आम्ही दोघंच होतो. पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, आभाळ धुऊन काढल्यासारखं स्वच्छ. मी मान वर केली. चंद्र होता, खळं नव्हतं.

"कुठाय?"

"कुठाय काय? एवढं स्पष्ट दिसतंय. बाहेरून लाल, आत निळसर."

मी पुन्हा पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. "नाहीये बाबा," मी म्हणाले. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने आम्ही खाली आलो आणि तो विषय मी तिथेच सोडला. मला आकाश बघायला शिकवलं ते बाबांनीच. त्यामुळे त्यांना काही दिसतंय आणि मला ते दिसत नाही, याचा अर्थ मी एवढाच लावला की वय झालं, नजर चुकली. "बाहेरून लाल" हे दोन शब्द मला तेव्हाच खटकायला हवे होते. ते खटकले नाहीत, ही गोष्ट मला आजही टोचते.

खटकायला का हवे होते, ते सांगायचं तर खळ्यापासून सुरुवात करावी लागेल.

खळं म्हणजे धान्याची मळणी करायची जागा. मधोमध तिवडा, म्हणजे खांब, रोवलेला, त्याभोवती फिरून फिरून गुळगुळीत झालेली गोल जमीन. चंद्राभोवती फिकट कडं दिसलं, की आपल्या भाषेने त्याला हाच शब्द दिला. चंद्र म्हणजे तिवडा, आणि त्याच्याभोवतीचं ते वर्तुळ म्हणजे खळं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण पुढे एकदा वाचनात आलं, की इंग्रजीतला 'हेलो' हा शब्द ग्रीक 'हालोस'वरून आला आणि त्याचा मूळ अर्थही मळणीची जागा, म्हणजे खळंच. मी पुस्तक मिटून किती तरी वेळ बसून राहिले. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन भाषांतल्या माणसांनी रात्री वर बघितलं आणि दोघांनाही पायाखालची तीच जमीन आठवली. शब्दांचे असे योगायोग मला ताऱ्यांइतकेच आवडतात.

हे खळं घडतं बर्फामुळे. खाली कितीही उकडत असलं, तरी सहासात किलोमीटरच्या वर पाणी बहुधा गोठलेलंच असतं. तिथे कधी कधी दुधाचा हात फिरवावा तसा अगदी पातळ ढग पसरतो. त्याचं शास्त्रीय नाव सिरोस्ट्रेटस. हा ढग म्हणजे बर्फाचे बारीक स्फटिक, आणि बर्फाचा स्फटिक असतो षट्कोनी, न तासलेल्या पेन्सिलीच्या तुकड्यासारखा. प्रकाशकिरण त्याच्या एका बाजूने आत शिरतो आणि लगतची बाजू सोडून त्यापलीकडच्या बाजूने बाहेर पडतो. या दोन बाजूंमध्ये साठ अंशांचा कोन असतो, म्हणजे स्फटिकाचा तेवढा भाग लोलकासारखं काम करतो. या वाटेने किरण कमीत कमी २२ अंश वळतो. जास्त वळू शकतो, कमी नाही. म्हणून चंद्रापासून २२ अंशांवर उजेडाची गर्दी होते आणि त्याच्या आत आभाळ जरा काळोखं राहतं. लाल रंग सगळ्यांत कमी वळतो, म्हणून तो आतल्या काठाला असतो.

आतल्या काठाला. खऱ्या खळ्यात लाल कधी बाहेर नसतो.

हे कडं मोजायला काही लागत नाही. हात पूर्ण लांब करून वीत पसरायची. अंगठ्याचं टोक चंद्रावर ठेवलं, की करंगळीचं टोक साधारण खळ्यावर टेकतं. लहान मुलाचा हात लहान पण त्याची बाहूही आखूड, त्यामुळे हे माप सगळ्यांना जवळपास सारखंच लागू पडतं. सूर्यालाही असंच खळं पडतं, किंबहुना चंद्रापेक्षा जास्त वेळा. पण सूर्याकडे थेट बघायचं नसतं, म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही. खांबाच्या किंवा इमारतीच्या कडेआड सूर्य पूर्ण झाकून मगच आजूबाजूला बघावं.

चंद्राभोवती आणखीही एक कडं पडतं आणि त्यालाही आपण सरसकट खळंच म्हणतो. ते चंद्राला अगदी बिलगून असतं, वीतभर दूर नाही. मध्ये पांढुरकी तबकडी, मग पिवळट, आणि काठाला तांबूस. याला शास्त्रात कोरोना म्हणतात. इथे बर्फ लागत नाही, पाण्याचे बारीक थेंब पुरतात. प्रकाश थेंबात शिरून वळत नाही, थेंबाच्या कडेने जाताना पसरतो, त्याचं विवर्तन होतं. यात लाल सगळ्यांत जास्त पसरतो म्हणून तो बाहेर राहतो. थेंब जितके लहान, तितकं कडं मोठं. म्हणजे नुसत्या कड्याच्या मापावरून ढगातल्या थेंबांचा आकार सांगता येतो. थॉमस यंग हा पेशाने डॉक्टर असलेला इंग्रज शास्त्रज्ञ होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने हीच युक्ती उलटी वापरली. लोकरीचे तंतू, रक्तातल्या पेशी यांच्यातून प्रकाश जाऊ देऊन त्याभोवती पडणारी कडी मोजली आणि त्यावरून त्या कणांचा आकार काढला. चंद्राभोवतीच्या ढगाला आणि माणसाच्या रक्ताला एकच फूटपट्टी. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

तर बाबा म्हणत होते "बाहेरून लाल". तसं कोरोनाचं कडं दिसायला आकाशात ढग तरी हवा. त्या रात्री ढग नव्हता.

महिन्याभराने ते सहज म्हणाले, "हल्ली रस्त्यावरच्या दिव्यांनाही खळं पडतं." तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. रात्री कपाळ ठणकतं, हेही त्यांनी त्यानंतरच सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले आणि मग यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितलं. काचबिंदू. डोळ्यातल्या पाण्याची बाहेर पडायची वाट मधूनमधून बंद होत होती, आतला दाब चढत होता, आणि दाब चढला की डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात, पाणी साठत होतं. त्या साठलेल्या पाण्याच्या सूक्ष्म कणांवरून दिव्याचा प्रकाश पसरत होता आणि बाबांना कडं दिसत होतं. बाहेरून लाल, आत निळसर. म्हणजे त्या रात्री त्यांना दिसत होतं त्यात खोटं काहीच नव्हतं. नियम तोच, रंगांचा क्रम तोच. फक्त ढग आभाळात नव्हता, त्यांच्या डोळ्यात होता.

डॉक्टरांनी लेझरने बुबुळाच्या रंगीत पडद्याला वरच्या बाजूला एक बारीक छिद्र पाडलं, पाण्याला दुसरी वाट करून दिली. त्या पडद्याला आयरिस म्हणतात. आयरिस ही ग्रीकांची इंद्रधनुष्याची देवता. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून मी एवढ्याच गोष्टीचा विचार करत होते. दुसऱ्या कशाचा विचार करायची हिंमत होत नव्हती.

निघताना डॉक्टर म्हणाले, "पुन्हा कडं दिसलं तर एक करा. हात लांब करून अंगठ्याने दिवा झाका. दिव्याबरोबर कडंही गेलं तर ते डोळ्यातलं, लगेच माझ्याकडे या. कडं राहिलं तर ते बाहेरचं." इतकी साधी परीक्षा! अंगठ्याने चंद्र झाकला की डोळ्यात येणारा चंद्राचा थेट प्रकाश थांबतो, मग डोळ्यातल्या पाण्यावर पसरायला काही उरतच नाही. पण आभाळातल्या स्फटिकांवर चंद्राचा प्रकाश पडतच असतो. तो बावीस अंश बाजूने, अंगठ्याला वळसा घालून आपल्यापर्यंत येतो.

ती परीक्षा माझ्या मनात घर करून बसली. कारण आकाशातलं बाहेर किती आणि आपल्या डोळ्याशी बांधलेलं किती, हा प्रश्न काचबिंदूपुरता नाही. तो इंद्रधनुष्यालाही लागू होतो.

इंद्रधनुष्य कुठे असतं? आपण बोट दाखवतो, "ते बघ, त्या टेकडीवर." पण तिथे जाऊन उभं राहिलेल्या माणसाला ते तिथे दिसत नाही. सूर्य पाठीशी घेऊन उभं राहावं. आपल्या डोक्याची सावली जिथे पडते ती दिशा म्हणजे धनुष्याचं केंद्र. त्या दिशेपासून ४२ अंशांवर जे जे पावसाचे थेंब असतील, ते आपल्याला लाल प्रकाश पाठवतात, जरा आतले निळा. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर चढला, की सपाट जमिनीवरून धनुष्य दिसतच नाही, ते क्षितिजाखाली जातं. म्हणून ते सकाळी नाहीतर सायंकाळी. या सगळ्यात महत्त्वाचं काय, तर "आपल्या डोक्याची सावली". केंद्र प्रत्येकाचं वेगळं, म्हणून धनुष्यही प्रत्येकाचं वेगळं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याचं धनुष्य दिसतं, ते वेगळ्या थेंबांनी केलेलं. फार काटेकोर बोलायचं तर माझ्या उजव्या डोळ्याचं आणि डाव्या डोळ्याचंही एक नाही. थेंब खाली पडत असतात, दर क्षणी नवे थेंब त्या कोनात येतात आणि जातात, आणि कमान मात्र हलत नाही. तळ्यात दिसतं तेही वरच्या धनुष्याचं प्रतिबिंब नसतं. पाण्यावरून आपल्याकडे येतात ते दुसऱ्याच थेंबांचे किरण.

हे कळायला माणसाला फार वेळ लागला, पण ज्यांना कळलं त्यांची रीत किती सुंदर! चौदाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत थिओडोरिक नावाचा एक धर्मोपदेशक आणि इराणात कमालुद्दीन अल-फारिसी, दोघांनी एकमेकांची गंधवार्ता नसताना एकच गोष्ट केली. पाऊस पकडून ठेवता येत नाही, म्हणून पाण्याने भरलेला काचेचा गोळा घेतला आणि त्याला पावसाचा एक थेंब मानलं. किरण आत शिरताना वळतो, मागच्या भिंतीवरून एकदा परततो, बाहेर पडताना पुन्हा वळतो, हे दोघांनीही स्वतंत्रपणे ओळखलं. आतल्या आत दोनदा परतला की दुसरं, फिकं धनुष्य, ५१ अंशांवर, रंग उलटे. आणि या दोन कमानींच्या मधला पट्टा आजूबाजूपेक्षा काळोखा असतो. तो पट्टा सन २००च्या सुमारास अफ्रोडिसियासच्या अलेक्झांडर या ग्रीक तत्त्वज्ञाने टिपून ठेवला म्हणून त्याला त्याचंच नाव आहे. पुढच्या वेळी दोन धनुष्यं दिसली, तर रंगांआधी तो पट्टा बघावा. रंग तर सगळेच बघतात.

४२ हा आकडा गणिताने कुठून येतो, हे १६३७ मध्ये देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञ-गणितज्ञाने दाखवलं. त्याला या वाटेला लावलं ते सूर्याच्या खळ्याने. १६२९ मध्ये रोमजवळ सूर्याभोवती कडी आणि सूर्याच्या दोन्ही अंगांना उजळ ठिपके, जणू जादा सूर्य, असं दृश्य दिसलं होतं. त्याची हकिकत देकार्तपर्यंत पोचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून तो आकाशातल्या अशा गोष्टींच्या मागे लागला. तसेच सूर्य १५३५ मध्ये स्टॉकहोमवर दिसले, तेव्हा लोकांनी त्यात देवाचा इशारा वाचला आणि ते चितारून ठेवले. त्या चित्राची नंतर केलेली नक्कल तिथल्या चर्चमध्ये आजही आहे. घाबरलेल्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. इतक्या बारकाईने चितारायला आधी नीट बघावं लागतं.

डोळ्याशी बांधलेल्या दृश्यांत मला सगळ्यांत हलवून टाकतं ते इंद्रवज्र. उंच कड्यावर उभं राहावं, पाठीशी सूर्य, खाली दरीत धुकं. त्या धुक्यावर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळं उमटतात. धुक्याच्या थेंबांत गेलेला प्रकाश जवळजवळ आल्या वाटेनेच परत फिरतो, म्हणून तो फक्त ज्याचा त्यालाच दिसतो. दहा माणसं ओळीने उभी असली, तर दहा सावल्या सगळ्यांना दिसतात, पण तेजोवलय प्रत्येकाला फक्त स्वतःच्या डोक्याभोवती दिसतं. हरिश्चंद्रगडावरून दिसलेल्या अशा वर्तुळाची नोंद कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५च्या सुमारास करून ठेवली. जर्मनीतल्या ब्रोकेन शिखरावर दिसणाऱ्या अशा सावलीला तिथले लोक भूत म्हणत आले.

आणि १८९४च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन नावाचा पंचविशीतला तरुण स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत दोन आठवडे राहिला. ढगांवर ऊन पडलं की उमटणारी कोरोना आणि ही वलयं त्याने रोज पाहिली आणि त्याच्या मनाने घेतलं, हे आपण प्रयोगशाळेत करून बघायचं. त्याने बंद भांड्यात ढग बनवायला सुरुवात केली. बनवता बनवता त्याच्या लक्षात आलं, की विद्युतभारित कण त्या ओलसर हवेतून गेला की त्याच्या वाटेवर थेंबांची रेघ उमटते. डोळ्याला कधीच न दिसणारा कण आपली पाऊलवाट मागे ठेवून जातो! त्यातून तयार झालं मेघपेटीचं यंत्र, त्याच्यात १९३२ साली पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार, सापडला. विल्सनला १९२७चं नोबेल मिळालं. अणूच्या पोटात डोकावायची एक खिडकी एका माणसाला ढगावरची वलयं आवडली म्हणून उघडली, हे मी कुणालाही सांगायला लागले की माझा आवाज चढतो.

रामन यांचंही असंच. १९२१ मध्ये बोटीने परत येताना भूमध्य समुद्राची निळाई त्यांना स्वस्थ बसू देईना. आकाश निळं का, याचं उत्तर रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये दिलेलं होतं. हवेचे सूक्ष्म कण निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. समुद्राची निळाई म्हणजे पाण्यात पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब, असं तेव्हा मानत. रामन यांनी एक छोटा निकोल लोलक डोळ्याशी धरला, पृष्ठभागावरून परतणारं प्रतिबिंब त्याने गाळून टाकलं, आणि पाणी निळंच राहिलं, उलट जास्त निळं दिसलं. पाणी स्वतःच प्रकाश विखुरत होतं. त्या वाटेने चालत ते २८ फेब्रुवारी १९२८ला रामन परिणामाच्या शोधापर्यंत पोचले. मला यात बाबांच्या डॉक्टरांचा अंगठाच दिसतो. एक गोष्ट झाकायची आणि बघायचं, काय उरतं.

खरं तर दुर्मीळ दृश्यांची वाट बघायची गरजच नसते. सूर्य मावळला की बहुतेक जण पाठ फिरवतात. पाठ फिरवावीच, पण तिथेच थांबून पूर्वेकडे बघावं. क्षितिजालगत करड्या-निळ्या रंगाचा एक पट्टा हळूहळू वर चढताना दिसतो. ती पृथ्वीची सावली. आपल्या पायाखालच्या अख्ख्या गोळ्याची, हवेवर पडलेली. तिच्या वर गुलाबी पट्टा असतो, त्याला शुक्राचा पट्टा म्हणतात. पंधरावीस मिनिटांत सावली वर चढते आणि रात्रीत मिसळून जाते. स्वच्छ आभाळ असलं तर हे रोज घडतं. मी तिशी उलटेपर्यंत एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिलं असणारच, पण नाव माहीत नव्हतं, म्हणून ते दिसलं नव्हतं. आणि मावळतीला टेकलेला सूर्यही आपण समजतो तिथे नसतो. क्षितिजाशी हवा किरणांना सुमारे अर्धा अंश वाकवते आणि सूर्याची तबकडीही अर्ध्या अंशाचीच. खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, तेव्हा अख्खा सूर्य नुकताच खाली गेलेला असतो.

बाबांचा दाब आता आटोक्यात आहे. दिवसातून दोनदा थेंब घालायचे असतात, ते घड्याळ लावून घालतात. कडेकडेची थोडी नजर गेली ती गेली, ती परत येत नाही. गच्चीचा जिना ते आता कठड्याला धरून चढतात.

काही महिन्यांनी एका रात्री मी खिडकीतून पाहिलं तर चंद्र दुधट झालेला, आणि त्याच्यापासून बरंच दूर, चारी बाजूंनी, फिकट वर्तुळ. मी काहीच न सांगता त्यांना वर घेऊन गेले. त्यांनी मान वर केली. बराच वेळ बोलले नाहीत.

"तुला दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही आधी सांगा."

त्यांनी हात लांब केला. हात किंचित थरथरत होता, अंगठा चंद्रावर यायला दोनतीनदा चुकला. मग चंद्र झाकला गेला.

"आहे," ते म्हणाले. "राहिलंय. आणि लाल आतून आहे."

त्यांनी हात खाली घेतला नाही. "तूही झाकून बघ," म्हणाले. मी त्यांच्या शेजारी उभी राहून अंगठा वर धरला.